पेंढा उसळतो

पहिली गासडी दोन खांबांच्या मध्ये नीट बसली. दुसरी बसेना.

पेठकडच्या गड्याने तिला आधी हातांनी रेटले, मग गुडघ्याने, मग पाठ लावून. त्याच्या बायकोने पलीकडून दोरीला धरून ओढले. गासडी निम्मी आत गेली आणि अडकली. मी म्हटले, "अजून थोडी." त्याने जोत्याच्या दगडाला पाय लावून जोर केला. या वेळी गासडी हलली नाही, खांब हलला. वर तुळई करकरली आणि कौलांमधली माती आमच्या डोक्यांवर पडली.

गड्याने गासडी सोडली आणि डोके झटकले. "बाय, हिला घर आवडलं नाय."

त्याची बायको हसली. मी वही उघडली. गासडीची लांबी वहीत लिहिलेली होती, दोन खांबांमधले अंतरही. शाळेच्या शिवणवर्गातली टेप कमरेला होतीच. खांबांमधले अंतर मोजले तर बरोबर. मग गासडी मोजली. चार बोटे जास्त भरली. दुसरी मोजली, तीही चार बोटे जास्त. तिसरी साडेचार. अंगणात ताडपत्रीखाली रचलेल्या गासड्या मी एकीमागून एक मोजत सुटले. पुढची तरी माझ्या वहीप्रमाणे निघेल असे वाटत होते. एकही निघाली नाही. दोन गासड्यांच्या मिळून आठ बोटे. प्रत्येक खणात, प्रत्येक थरात आठ बोटे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोळा दिवस उरले होते.

आखाजीचे एवढे का, ते आधी सांगते. मी आणि माझे वडील, म्हणजे आबा, नाशकात नदीच्या अलीकडे एका माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती. मुलींच्या एका शाळेच्या वसतिगृहाची कोठी माझ्या ताब्यात असे. ज्वारी, डाळी, तेल, साबण, कंदिलाच्या वाती, काय आले, काय गेले, काय संपत आले, याची टिपणे ठेवण्यात माझा दिवस जाई. आबांनी सारी नोकरी रेल्वेत काढली, डब्यांतल्या बाकांच्या गाद्या भरण्यात. आता त्यांच्या डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. दिवाळीत ते जिन्यावरून घसरले. हाड मोडले नाही, पण माझ्या धाकट्या भावाला पत्र पोहोचायचे ते पोहोचले. भाऊ मनमाडला रेल्वेत होता. त्याने लिहिले, आबांना मी इकडे घेऊन येतो, क्वार्टरला जिना नाही.

आबांना ते पत्र मी वाचून दाखवले. त्यांनी हात पुढे करून ते मागून घेतले आणि चाचपून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मनमाडला मी पाहुणा. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही."

गावाबाहेर गंगापूरच्या अंगाला यजमानांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा एक तुकडा होता. मी भावाला उलट टपाली कळवले की तिथे घर बांधते, बिनजिन्याचे. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. "ताई, आखाजीला मी येतो. चार भिंती उभ्या असल्या तर आबा तुझ्याकडे. नसल्या तर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर. पावसाळ्यात त्यांना त्या जिन्यावर मी ठेवणार नाही." त्याचे चुकीचे होते असे मला तेव्हाही म्हणता आले नाही. म्हणून तर चैन पडत नव्हते.

गासड्यांची कल्पना आबांची. रेल्वेच्या दिवसांत घोटीच्या मालधक्क्यावर मुंबईच्या तबेल्यांसाठी दाबलेल्या गवताच्या गासड्या पडून असत. थंडीत राखणदार त्यांचीच खोली रचून आत झोपत. आबा एकदा गाडी चुकली म्हणून त्या खोलीत राहिले होते. "पौषातली थंडी, पण घोंगडी लागली नाही," ते सांगत. "आणि शेजारून मालगाडी गेली ती मला सकाळी दुसऱ्यांनी सांगितली." विटांना जितका वेळ आणि माणसे लागली असती तितकी माझ्याकडे नव्हती. मी वहीत नवे पान काढले आणि वर लिहिले, "भिंती".

पौषात मी घोटीला गेले. गवत दाबण्याचा कारखाना एका वयस्क मुसलमान व्यापाऱ्याचा होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी काय मागते आहे ते त्यांनी दोनदा ऐकून घेतले.

"गवत नको? भाताचा पेंढा पाहिजे?"

"गवताला वाळवी लवकर लागते म्हणतात."

"आणि त्याचं घर बांधणार."

"हो."

"बाई, मी चाळीस वर्षं घोड्यांना जेवू घातलं. घोड्यानं घरात राहायचं सोडून घरच खाल्लं, असं होऊ देऊ नका म्हणजे झालं." पण काम त्यांनी मनावर घेतले. गवताचा हंगाम संपला की महिन्याभराने पेंढा दाबून देतो म्हणाले. मी तिथे पडलेली एक गवताची गासडी मोजली. दाबायची पेटी तीच, तेव्हा माप तेच, असे धरले आणि लिहून घेतले. चाचा गाड्यांविषयी आणखी काही सांगत होते, तेही मी लिहून घेतले. मी सगळेच लिहून घेते.

पेठकडचा तो गडी आणि त्याची बायको दर वर्षी भातकापणी झाली की कामाला खाली नाशकाकडे येत. लाकडाचे काम त्याला चांगले येत होते. जोते झाल्यावर पाडव्याच्या दिवशी त्याने ऐनाचे खांब उभे केले. त्याच्या गावाकडे घराच्या मुख्य खांबाला मेढ म्हणतात. मेढीच्या खड्ड्यात त्याने हळदीचे बोट लावले, मूठभर तांदूळ टाकले, मग खांब सोडला. मला वाटले, झाले. पण त्याने प्रत्येक खड्ड्यात तांदूळ टाकले. कोपऱ्यावरच्या, दाराच्या, पश्चिमेच्या, सगळ्या. मी शेवटी म्हटले, "अरे, मेढ एकच ना?"

"बाय, एकाला वाढायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडं बघायचं?"

मग तुळया, मग वासे, मग कौले. आधी छप्पर आणि नंतर भिंती, कारण पेंढा भिजता कामा नये. रस्त्याने जाणारे थांबत. रोज म्हशी घेऊन जाणारा एक दूधवाला तर खाली बसूनच बघे. "बाई, हे घर तुमच्यासाठी का माझ्या म्हशीसाठी?" असे त्याने विचारले होते. मी वहीत लिहिले, "कुंपण. बिडी ओढणाऱ्यांनी बाभळीपलीकडे."

आणि आता दुसरी गासडी बसत नव्हती.

"खांब काढायचे," मी गड्याला म्हटले. "सगळे. खणामागे आठ बोटं सरकवून पुन्हा लावायचे. पाच दिवस लागतील. कौलं उतरवायला आणखी दोन माणसं बोलावते."

तो तुळईकडे बघत राहिला. "नाय."

"दोन माणसं नकोत?"

"खांब नाय काढायचा. घास दिलाय त्याला. तोंडातला घास कोण काढतो?"

"अरे, मी पुन्हा तांदूळ देते. दुप्पट देते."

"तुम्ही द्याल. पण खांब उपटला तर घरातलं म्हातारं माणूस उठून जातं." तो हे अगदी साध्या आवाजात म्हणाला, आणि म्हणताना कडुनिंबाखाली खाटेवर बसलेल्या आबांकडे त्याने पाहिले नाही. त्याच्या बायकोने पाहिले. तिने पदराचे टोक तोंडात धरले.

असल्या गोष्टी मी मानत नाही. पण मी त्याला पुन्हा काढ म्हणाले नाही, हेही खरे. घराला एक फेरी घातली. मग दुसरी. शिडी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली आणि पुन्हा परत आणली. कडुनिंबाखाली येऊन वहीची पाने पहिल्यापासून उलटू लागले. कुठे चुकले ते पाहिल्याशिवाय मला पुढचे काही सुचत नाही.

आबा रोज माझ्याबरोबर टांग्याने येत. जिना बसून उतरत, एकेक पायरी. इथे आले की दिवसभर खाट. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटले होते, "आबा, कामावर जरा लक्ष ठेवा." त्यांनी विचारले होते, "कशानं?" त्यानंतर मी त्यांना काही सांगितले नव्हते.

"पानं किती वेळ उलटणार आहेस?" ते म्हणाले. "काय हरवलंय?"

"काही नाही."

"काही नाही तर मग वाऱ्यासारखी फेऱ्या कशाला घालतेस? मघाशी शिडी नेलीस आणि परत आणलीस."

तेवढ्यात ते पान सापडले. "भिंती" या पानावर नव्हते. "गाड्या" या पानावर होते. गाड्या किती, बैल कुणाचे, मुक्काम कुठे, आणि खाली माझ्याच अक्षरात: "पेंढा दाबला तरी उसळतो. दोर जादा घ्यावा." चाचांनी मला सांगितले होते. स्पष्ट सांगितले होते. गवत दाबले की दबून राहते, पेंढा पेटीतून बाहेर काढला की अंग फुगवतो. ते गाड्यांविषयी बोलत होते म्हणून मी ते गाड्यांच्या पानावर घातले, दोर जादा घेतला, आणि त्या ओळीवर झाल्याची काट मारली.

मी आबांना वाचून दाखवले.

"हे मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं," आबा म्हणाले. "काथ्या उसळतो, पेंढा उसळतो. तीस वर्षं मी उसळणाऱ्या वस्तूच दाबून बसवल्या."

"तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही विचारलं."

"उसळणं बघायला डोळे कशाला लागतात? एक गासडी आण इकडे."

गड्याने आणि त्याच्या बायकोने एक गासडी खाटेशी आणून टाकली. आबा खाली उतरून तिच्यापुढे बसले. दोन्ही तळवे तिच्या बाजूंवरून फिरवले. दोरीखाली बोट घातले, शेवटच्या पदरात मूठ खुपसली. त्यांना इतके घाईने काही करताना मी दिवाळीनंतर पाहिले नव्हते.

"किती कमी हवी?"

"आठ बोटं. खणातल्या दोघींतली एक कमी केली तरी चालेल."

"मग खांब कशाला छळता? हिला कापून पुन्हा शिवायची. माझी पेटी कुठंय?"

आबांची पेटी माझ्या यादीत होती. घर बदलताना जे न्यायचे नाही त्याची एक यादी मी केली होती: मोडका पाळणा, दोन गळके हंडे, जुन्या चिमण्या, आबांची हत्यारांची पेटी. हे सगळे खाली जिन्याशी काढून ठेवले होते आणि भंगारवाल्याला निरोप दिला होता. त्याचा येण्याचा वार तोच होता.

"घरी आहे," मी म्हटले. "घेऊन येते."

टांगा मिळेपर्यंत निम्मा रस्ता मी चालत गेले. चालता चालता पेटीत काय असेल ते आठवत होते आणि आठवत नव्हते. ती उघडून न पाहताच मी यादीत घातली होती. जिन्याशी पोहोचले तर पाळणा नव्हता. हंडे नव्हते. चिमण्याही नव्हत्या. घरमालकीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"तो येऊन गेला का हो?"

"आत्ताच. पेटी राहिलीय बघा. उचलेना त्याला. हातगाडी आणतो म्हणाला."

ती मलाही उचलेना. टांगेवाल्याने आणि मी मिळून ती वर घातली. परत येताना सारा रस्ता मी तिच्यावर हात ठेवून बसले होते. ती पळून जाणार नव्हती.

पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला दाभण होता. दीड हात लांब, टोकाशी चपटा, मागे मोठे नेढे. डब्यांतल्या जाड गाद्या शिवायचा. आबांनी तो गालावरून फिरवून गंज किती आहे ते पाहिले आणि गड्याला दगडावर घासायला दिला.

काम असे होते. गासडीवर जिथे नवे टोक हवे तिथे मी कोळशाने रेघ ओढायची आणि आबांचा हात तिथे नेऊन ठेवायचा. त्यांनी दाभण आरपार टोचायचा. पलीकडे बसलेल्याने नेढ्यात काथ्या ओवायचा. आबांनी दाभण मागे ओढून घ्यायचा, दोरी गासडीभोवती फिरवायची, गुडघा रोवून आवळायची आणि सरकती गाठ मारायची. असे दोन ठिकाणी. मग जुनी दोरी कापायची. तुटलेला पेंढा फटींत भरायला बाजूला. पलीकडे गड्याची बायको बसली. पहिली गासडी शिवून झाली तेव्हा ऊन कडुनिंबाच्या सावलीत शिरले होते. गड्याने ती उचलून दोन खांबांमध्ये लावली, एकदा गुडघा मारला, आणि ती बसली. गच्च बसली.

"आवडलं आता हिला," तो म्हणाला.

"बाबा," त्याची बायको दोरी ओवता ओवता म्हणाली, "माझं बोट नका शिवू हां भिंतीत."

"शिवलं तर भिंत पक्की होते म्हणतात."

"मग तुमच्या लेकीचं शिवा. ती लय फिरते."

आबा मोठ्याने हसले. मी कोळसा शोधायला गेले.

मी फिरत होते कारण मोजत होते. पहिल्या दिवशी तीन गासड्या. दुसऱ्या दिवशी पाच. हात बसल्यावर सहा, कधी सात. उत्तर आणि दक्षिण पुरी होईल, दाराची पूर्व होईल, पश्चिम राहील. हे मला पाचव्याच दिवशी कळले होते. मधल्या वेळेत परीक्षा संपून वसतिगृह रिकामे झाले आणि मी सकाळपासून तिथेच असायला लागले, पण माझ्या असण्याने दाभण लवकर चालत नव्हता. मी पेंढा भरला, बांबूचे खुंट तासले, गड्याबरोबर ते गासड्यांतून ठोकले, माती-शेणाचा गिलावा तुडवला. एकदा कुंपण उघडे राहिले आणि दूधवाल्याच्या म्हशीने आग्नेयेचा कोपरा हातभर खाल्ला. तो म्हणाला, "बाई, तिला पसंत पडलं म्हणायचं." मी कोपरा पुन्हा भरला. तरी बेरीज जमेना.

आखाजीच्या चार दिवस आधी मी आबांना म्हटले, "पश्चिमेला कुडाची भिंत घालू. कारवीच्या काठ्या आहेत, दोन दिवसांत विणून होईल. वरून लिंपली की सारखीच दिसेल."

आबांचे हात थांबले नाहीत. "पाऊस कुठून येतो आपल्याकडे?"

"पश्चिमेकडून."

"आणि तिथे तू कूड घालणार."

"नंतर बदलू. आत्ता वेळ नाही, आबा. तो आखाजीला येणार आहे. चार भिंती म्हणालाय."

"तुला भिंत हवीय, का त्याला दाखवायला काहीतरी हवंय?"

"मला तुम्ही इथे हवे आहात," मी म्हटले. जरा जोरातच म्हटले. पलीकडे गड्याची बायको दोरी हातात धरून दुसरीकडे बघू लागली.

आबांनी गाठ आवळली. मग म्हणाले, "मग मला शिवू दे. रेघ ओढलीस का?"

मी रेघ ओढली.

आखाजीच्या दिवशी भाऊ सकाळच्या गाडीने आला. टांग्यातून उतरला तो स्वच्छ धोतर, कोट, हातात घडी केलेली मोकळी पिशवी. ती आबांच्या कपड्यांसाठी होती हे मला विचारावे लागले नाही. मी त्याला पाणी दिले, पुरणपोळी दुपारी आहे म्हणून सांगितले, आणि कुठून सुरुवात करावी ते कळेना म्हणून सरळ उत्तरेकडून केली. त्याने उत्तरेची भिंत अंगठ्याने दाबून पाहिली. मग खांदा लावला. दाराच्या चौकटीला हिसका दिला. आत जाऊन उभा राहिला. बाहेर रस्त्याने एक बैलगाडी चालली होती. चाकाचा आवाज दारातून येत होता, भिंतीतून नव्हता. तो दाराकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत राहिला.

मग पश्चिमेला वळला. तिथे दोन खण होते आणि दोन्ही गुडघ्याएवढे. वर नुसते ऊन.

"ताई, ही?"

"बांधायच्या दहा राहिल्यात," मी म्हटले. "दोन-तीन दिवसांचं काम फक्त..."

"चार ठरल्या होत्या."

"हो."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. रेल्वेचा पास होता, नाशिक ते मनमाड, आबांच्या नावाचा. त्याने तो माझ्या हातात दिला नाही, नुसता दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बोलायला काही सापडले असते.

कडुनिंबाखाली आबा गासडीपुढे बसले होते. सणाचा दिवस म्हणून गडी आणि त्याची बायको आले नव्हते. आबांनी दाभण आरपार टोचला आणि हाक मारली, "पलीकडून दोरी घाला रे कुणीतरी."

मी निघाले, पण भाऊ माझ्यापुढे होता. त्याने पास खिशात ठेवला, गासडीच्या पलीकडे उकिडवा बसला आणि नेढे शोधू लागला.

"सावकाश," आबा म्हणाले. "नेढं वरच्या अंगाला आहे. तू आहेस होय? हात गार आहेत तुझे."

"गाडीत खिडकी उघडी होती."

"दोन हात दोरी सोड. आता धरून ठेव. सोडू नकोस, सोडलीस तर पेंढा सगळी मेहनत खातो."

भावाने धरून ठेवली. आबांनी गुडघा रोवला आणि ओढले, तेव्हा पलीकडे भावाचा तोल जाऊन तो गासडीवर आपटला. कोटभर कुसे. त्याने कोट काढून फांदीला लावला. मी पुरणपोळ्यांकडे गेले आणि दर थोड्या वेळाने काही ना काही निमित्ताने परत येत राहिले. काथ्या आणून दिला, पाणी आणून दिले, कोळसा आणून दिला जो आधीच तिथे होता. मला ऐकायचे होते आणि ते काही विशेष बोलत नव्हते. एकदा भावाने विचारले, "बोटं दुखत नाहीत?" आबा म्हणाले, "दुखतात ना." एकदा आबांनी विचारले, "तुमच्या खिडकीखालून मेलगाडी अजून तशीच दणाणत जाते?" तो म्हणाला, "तशीच."

जेवण धरून संध्याकाळपर्यंत तीन गासड्या झाल्या. भावाने त्या स्वतः उचलून पश्चिमेला बसवल्या. गुडघा मारायची युक्ती त्याला कुणी सांगितली नव्हती.

टांगा आला. भावाने कोट झटकला, घातला, खिशावर हात ठेवला. मी वही घेऊन उभी होते, का ते माहीत नाही.

"आबा," तो म्हणाला, "ठरलं होतं."

"तुमचं दोघांचं ठरलं होतं," आबा म्हणाले. ते दोरीचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होते. "मला हातात काम आहे. टाकून कसा येऊ?"

भावाने माझ्याकडे पाहिले. "किती राहिल्या?"

"सात."

"पास महिनाभर चालतो," तो म्हणाला. "रविवारी येतो मी." एवढेच. तो पास घेऊन येणार की पास विसरून येणार, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मोकळी पिशवी मात्र तो बरोबर घेऊन गेला.

त्या आठवड्यात मी नीट बसले असेन तर जेवायलाच. आबांची बोटे सुजली होती, गुरुवारी चारच झाल्या. शुक्रवारी आणखी एक, आणि पश्चिमेचा उजवा खण तुळईला लागला. डाव्यात वरचे दोन थर राहिले. शनिवारी सकाळी गडी आणि त्याची बायको वेळेवर हजर होते, काथ्या होता, ऊन होते, आबा बसले होते. मी रेघा ओढून ठेवल्या.

"आज नको," आबा म्हणाले.

"का? दोनच आहेत. दुपारपर्यंत भिंत पुरी होते. तो उद्या येईल तेव्हा चार भिंती असतील."

"म्हणून तर. उद्यासाठी दोन ठेव."

"आणि त्यानं उद्या पास दाखवला तर?"

आबांनी दाभण फडक्यात गुंडाळला. "तर तू म्हणशील, दोन राहिल्या होत्या." मग तो पेटीत ठेवता ठेवता म्हणाले, "बंद भिंत बघायला आला तर तो पाहुणाच राहील ना."

मी गड्याला उजव्या खणाच्या गिलाव्याला लावले. उरलेला दिवस मी त्या उघड्या जागेपाशीच काढला. एकदा गोणपाट बांधले, पुन्हा सोडले. त्यातून रस्ता दिसत होता, गावाकडून येणारा, बाभळीपर्यंत सरळ.

रविवारी मी तिथेच उभी होते. टांगा बाभळीशी थांबला. भाऊ उतरला, त्याने कोट घातलेला नव्हता. सदरा जुना होता, कोपरांवर ठिगळे लावलेला. मी पिशवी बघत होते. पिशवी होती, आणि भरलेली होती. त्याने ती खांद्यावरून पुढे घेतली, तेव्हा तिच्या तोंडातून काथ्याचे एक मोठे भेंडोळे बाहेर आलेले दिसले.

"दोर कमी पडत असेल म्हणून आणला," तो त्या खणातूनच मला म्हणाला. "किती राहिल्यात?"

"दोन," मी म्हटले, आणि लिहून घ्यायला पेन्सिल शोधू लागले. ती वहीत नव्हती, केसांत नव्हती, कमरेला नव्हती. आबांच्या कानावर होती. मी ती मागितली नाही.